खेळण्याला शिक्का, खेळाला मोकळे रान

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील एक चित्रफीत गाजली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप आमदार रोहित पवार यांनी केला. शेतकरी गळफास घेत असताना कृषिमंत्री पत्ते पिसतात, अशी एकच ओरड झाली. मंत्रिमहोदयांनी इन्कार केला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आपोआप आलेला खेळ बाजूला सारत होतो, असे त्यांचे म्हणणे. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते गेले आणि त्यांच्याकडे क्रीडा खाते देण्यात आले! सरकारला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

पण क्षणभर मंत्र्यांचे म्हणणे खरे धरून चालू. कॅबिनेट मंत्र्याच्या हातातील फोनवर न मागता खेळ येतो आणि तो घालवता घालवता कोणी त्याची चित्रफीत काढून मोकळे होते. हे खरे असेल तर त्या क्षणी मंत्रिमहोदय हे फसवले गेलेले ग्राहक होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई केली आहे. खोटी घाई दाखवणे, नको म्हणणाऱ्याला पुन्हा पुन्हा छळणे, बंद करण्याचे बटण लपवणे, जाहिरातीला जाहिरात न भासू देणे हे सारे त्यात आहे. तरीही त्या गदारोळात ‘ग्राहक’ हा शब्द कानावर पडला नाही. व्यसन, जुगार, नीतिमत्ता, राजीनामा हे सगळे शब्द आले. ग्राहक तेवढा आला नाही. आमचे दुखणे नेमके येथे आहे.

महिनाभरात दिल्लीत कायदा झाला. लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ रोजी, राज्यसभेने दुसऱ्या दिवशी आणि राष्ट्रपतींनी तिसऱ्या दिवशी मोहोर उमटवली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी, चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच. ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावत होते, असा सरकारचाच अंदाज होता. मग प्रश्न असा की हे ठाऊक असताना १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी कोण घेत होते? हरणाऱ्याच्या खिशातून दोन वर्षे वाटा उचलायचा आणि मग एका आठवड्यात संत व्हायचे, ही जुनी चाल आहे. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

या कंपन्यांचा युक्तिवाद आंबेडकरी वाचकाने नीट ऐकावा. त्या म्हणतात, हा नशिबाचा खेळ नाही, हा कौशल्याचा खेळ आहे. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सत्यनारायण खटल्यात म्हटले होते आणि त्याच आधारावर हा सारा इमला उभा राहिला. पण त्या खटल्यात माणसे समोरासमोर बसून पत्ते खेळत होती. फोनवर पत्ते वाटतो तो कंपनीचा संगणक. समोर माणूस आहे की यंत्र, हेही खेळणाऱ्याला दिसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडीने एका मोठ्या कंपनीवर ग्राहकांना नकळत यंत्राशी खेळवल्याचा आरोप ठेवला. आरोप सिद्ध व्हायचा आहे. पण असे होत नाही हे तपासणारी सरकारी यंत्रणा या देशात होती का? नव्हती. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने नियम केले ते असे की खेळ तपासणाऱ्या संस्था उद्योगातूनच पुढे याव्यात आणि सरकारने त्यांना मान्यता द्यावी. तशी एकही संस्था उभी राहिली नाही.

आणि ‘कौशल्य’ या शब्दाची आपली ओळख जुनी आहे. आरक्षणाच्या विरोधात तो ‘गुणवत्ता’ या नावाने येतो. जो हरला त्याच्यात गुण नव्हता! पत्ते कोणी पिसले, डाव कोणी मांडला, कोणाच्या हाती आधीच हुकूम होते, हे विचारायचे नाही. कर्जात बुडालेल्या पोरालाही हेच ऐकवले जाते, की तुला खेळता आले नाही.

असो. बंदी झाली म्हणून प्रश्न मिटला असे ज्यांना वाटते त्यांनी खेड्याकडे यावे. मेढ्याचेच घ्या. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे हे मुख्य गाव, वेण्णेच्या काठचे. तहसील कचेरी, एसटीचे आगार, आठवड्याचा बाजार आणि घरटी एखादा माणूस मुंबईला. कोणी माथाडी, कोणी महापालिकेत, कोणी वाशीच्या बाजारात. याच जावळीतल्या बायाबापड्यांनी एक इतिहास घडवलेला आहे. मतदान करून त्यांनी दारूची दुकाने बंद पाडली, उभी बाटली आडवी केली. दुकान गावात होते, त्याला कुलूप होते, दुकानदाराला तोंड होते. म्हणून ते बंद करता आले.

आता दुकान पोराच्या खिशात आहे. त्याची बाटली आडवी कशी करायची?

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांतून व्हिडीओ गेम पार्लर निघाली. नाणे टाकायचे आणि गाडी पळवायची. काही ठिकाणी त्याच पाटीखाली जुगाराची यंत्रे चालत आणि पोलिसांचे छापे पडत. तेव्हाही समाजाने या धंद्याकडे दोनच नजरांनी पाहिले. एक तर पोरखेळ, नाही तर जुगार. पोरखेळ असेल तर दुर्लक्ष आणि जुगार असेल तर पोलीस. या दोन्हींच्या मध्ये तिसरी गोष्ट आहे. कोणी तरी पैसे देऊन काही तरी विकत घेते आहे आणि त्याला मोबदल्यात काय मिळते, हे कोणी पाहत नाही. २०२५ च्या कायद्यानेही तेच केले. पैसे जिंकण्याची आशा दाखवणारा खेळ बंद झाला. जिंकण्याची आशाही न दाखवता नुसतेच पैसे घेणारा खेळ मात्र कायदेशीर राहिला. सरकार त्याला उत्तेजनही देणार आहे.

समजा, मेढ्यातल्या बौद्धवस्तीतील चौदा वर्षांचा मुलगा आहे. वडील मुंबईला, आई शेतमजुरीला. फोन आईचा. यूपीआयचा आकडा मुलाला पाठ, कारण वडिलांचे पैसे आले की नाही हे तोच आईला पाहून देतो. खेळ ‘फुकट’ आहे. दहा दिवसांनी हत्यार, पोशाख, रंगीत पेटी. पेटीत काय निघेल ते पैसे दिल्यावर कळणार. कधी ४९ रुपये, कधी १९९. महिन्याअखेर आईच्या खात्यातून किराणा गेलेला असतो. आई पोराला बडवते, शेजारी मोबाईलला शिव्या देतात, मास्तर संस्कारांवर बोलतात. विकणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. दुकानदाराने चौदा वर्षांच्या मुलाला दोन हजारांचा माल उधळून विकला असता तर हीच माऊली त्याच्या दारात जाऊन उभी राहिली असती.

आणि या मुलाच्या धाकट्या बहिणीला जत्रेतून प्लॅस्टिकची बाहुली आणली तर? तिच्यावर आयएसआयचा शिक्का लागतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. रंगात विष नको, टोक बोचरे नको, सुटा भाग गळ्यात अडकायला नको. फार चांगला नियम. टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडीओ गेमचे यंत्र घेतले तर त्याचीही भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी लागते. २०१२ च्या आदेशात ते आहे. विजेचा धक्का बसू नये म्हणून. म्हणजे बाहुली तपासली, डबा तपासला. डब्यातला खेळ, जो दिवसाचे चार तास मुलाच्या डोक्यात राहतो, तो कोणीही तपासत नाही. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून खेळांवर वयाचा शिक्का मारणारी व्यवस्था आहे. ती उद्योगानेच चालवलेली, उणिवांनी भरलेली, पण आहे. आपल्याकडे नव्या कायद्यातील प्राधिकरणाला खेळांचे वर्गीकरण आणि तक्रारी ऐकण्याचे काम दिले आहे. त्या प्राधिकरणात पालकांचा, ग्राहकांचा, अनुसूचित जाती-जमातींचा आवाज किती, हा प्रश्न मात्र संसदेत त्या दोन दिवसांच्या घाईत विचारायला सवड कोणाला होती?

दर्जाचा प्रश्न या धंद्याला नवा नाही. १९८२ च्या नाताळात अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ई.टी.’ हा खेळ बाजारात आणला. सिनेमाच्या नावावर विकण्याची घाई एवढी की तो जेमतेम पाच आठवड्यांत तयार केला होता. गिऱ्हाइकांनी तो परत केला, न खपलेला माल कंपनीने १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला. २०१४ साली खोदून तो वर काढला तेव्हा जगाला खात्री पटली. रद्दी खेळांच्या पुरात तिकडचा सारा बाजारच कोसळला आणि नंतर आलेल्या निन्टेंडो कंपनीला खोक्यावर दर्जाचा शिक्का मारून विश्वास कमवावा लागला. चाळीस वर्षांनी काय चित्र? डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गाजावाजा झालेला पोलंडचा खेळ जुन्या यंत्रांवर धड चालेना. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत केले. का केले? गिऱ्हाईक गप्प बसले नाही म्हणून.

ऑस्ट्रेलियातील ग्राहक आयोगाने व्हॉल्व्ह या बलाढ्य कंपनीला २०१४ मध्ये न्यायालयात खेचले. कंपनी म्हणे, आम्ही पैसे परत देत नाही, तसे आमच्या अटींत लिहिले आहे. न्यायालय म्हणाले, आमच्या देशात माल विकता ना, मग कायदा आमचा. २०१६ मध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. दरम्यान २०१५ मध्ये कंपनीने पैसे परत देण्याची सोय सुरू केली होती. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाईट’च्या कंपनीला ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर मोजायला लावले गेले. आरोप काय होते? एका चुकीच्या दाबाने खरेदी होईल अशी बटणे मांडली, मुलांनी आईबापांना न विचारता केलेली खरेदी चालवून घेतली आणि बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची खाती बंद केली. वरच्या मेढ्याच्या मुलाची गोष्ट आणि ही गोष्ट वेगळी आहे काय? बेल्जियमने २०१८ मध्येच ती रंगीत पेटी जुगार ठरवली. युरोपात २०२४ मध्ये ‘द क्रू’ हा विकत दिलेला खेळ कंपनीने सर्व्हर बंद करून मारून टाकला, तेव्हा विकलेला खेळ असा हिरावून घेता येऊ नये म्हणून दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विकणाऱ्याला सांगावे लागते की हा माल तुमच्या मालकीचा होत नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते.

आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला तो खेळ भारतात थांबला. बंदीची कारणे चिनी सीमेशी जोडलेली होती, त्यावर वाद नको. पण त्यात पैसे घातलेल्या लाखो पोरांचे काय, हे बंदीच्या आदेशात नव्हते. पुढच्या वर्षी नवा खेळ आला तेव्हा जुनी खाती त्यात हलवण्याची सोय कंपनीने दिली. ती कंपनीची मेहेरबानी. हक्क म्हणून कोणाला काही मिळाले नाही. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

पैसे मोजूनही हक्क मिळत नाही, याचा धडा तर याच सातारा जिल्ह्यात लिहिला गेला आहे. १९०१ सालची गोष्ट. बालवयातील बाबासाहेब साताऱ्याहून भावासह आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्थानकावर उतरले. अंगात चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळताच एकही गाडीवान बसवून घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! दुप्पट भाडे दिले, गाडी स्वतः हाकली आणि रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून आपण तो सांगतो आणि तो तसाच आहे. पण तो गिऱ्हाइकाचाही प्रसंग आहे. बाजार पैसा बघतो, जात बघत नाही, असे भांडवलदारांचे भाट आजही सांगतात. मसूरच्या स्थानकावर बाजाराने पैसाही घेतला आणि जातही बघितली. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे असे अनुभव होते.

आज गाडीवान दिसत नाही. अटी इंग्रजीत असतात, चाळीस पाने. खाली ‘मान्य आहे’ हे एकच बटण. तक्रार करायची तर यंत्र उत्तर देते, तेही इंग्रजीत. पुण्यामुंबईचा इंग्रजी शाळेतला मुलगा दोन ईमेल लिहून पैसे परत मिळवू शकतो. जावळीतल्या मुलाने तेवढेच पैसे दिलेले असतात. त्याच्यासाठी भाडे आपोआप दुप्पट होते.

ग्राहक चळवळ आपल्यापर्यंत का आली नाही, हेही विचारले पाहिजे. अखिल भारतीय ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात काढली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये आली. या मंडळींचे काम मोठे, १९८६ च्या कायद्याला त्याचे पाठबळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती चळवळ वसाहतीत, सोसायटीत, नोकरदारांच्या घरात फिरली. वस्तीत आली नाही. आणि आपणही तिला बोलावले नाही. रेशन दुकानावर मोर्चे आपण काढले, ते मात्र गरिबांचे मोर्चे म्हणून. गिऱ्हाईक म्हणून आपण कधी उभे राहिलो नाही. आपल्यातले काही जण म्हणतात, सिगालाला उपदेश करताना तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत, तेव्हा बंदी आली म्हणजे काम झाले. तोटे सांगितले आहेत, खरे आहे. पण सम्यक आजीविकाही तथागतांनीच सांगितली आणि ती विकणाऱ्यालाही लागू आहे. सगळा उपदेश आईबापांना आणि पोरांना, कंपनीला एक शब्द नाही, हा धम्माचा अर्थ कोणी लावला?

कायद्यात आजही बरेच आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने एक मोठी सोय केली. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. कंपनी बंगळुरूची असो की सिंगापूरची, मेढ्याचा माणूस साताऱ्याच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लागत नाही. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने मागता येते. अटींत कंपनीने लवादाची पाचर मारली असली तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अल्पवयीनाशी केलेला करारच कायद्याने शून्य, हा तर १९०३ सालचा निवाडा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला विकलेल्या रंगीत पेटीला तो का लावू नये? कोणी तरी लावून बघितला पाहिजे.

भोकेही आहेत. फुकट दिलेल्या सेवेचा ग्राहक कायद्याच्या लेखी ग्राहक नाही. खेळ ‘फुकट’ ठेवण्यात कंपनीचा हाही फायदा. म्हणून पैसे दिले त्या व्यवहारावर तक्रार बांधावी लागते, नुसत्या खेळावर नाही. दुसरे, कराराच्या अटीच अन्यायी आहेत असे म्हणायचे तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. १९९ रुपयांसाठी मेढ्याहून मुंबई कोण गाठणार? ही तरतूद बदलून जिल्ह्याला अधिकार द्यावा, अटी मराठीत द्याव्यात, रंगीत पेटीत काय निघण्याची शक्यता किती ते पैसे घेण्याआधी सांगावे आणि अल्पवयीनाची खरेदी ठराविक दिवसांत विनाअट परत घ्यावी, एवढ्या मागण्या चळवळीने आपल्या निवेदनात घातल्या तर त्यांना कोणी हसणार नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला आपली निवेदने तहसीलदारांच्या टेबलावर जातातच. त्यात हा एक कागद जड होणार नाही.

तोवर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढता येईल. ज्याच्या घरातून असे पैसे गेले त्याने फोन घेऊन यावे. बँकेच्या नोंदी, यूपीआयची पावती, खेळातील खरेदीच्या पडद्याचे फोटो आणि मुलाचा जन्मदाखला एकत्र करावा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलीने आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. उत्तर आले नाही तर तोच कागद साताऱ्याच्या आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती पैसे गेले त्या दिवसापासून मोजली जाईल असे धरून चालावे.